कोनाड्यातला कप

मुरुडच्या आमच्या घरात चिनी मातीची भांडी तीन ठिकाणी असत. कोठीच्या खोलीत लोणच्याच्या बरण्या होत्या, अर्ध्या तपकिरी आणि अर्ध्या पांढऱ्या, तोंडाला फडके बांधलेल्या. माजघरातल्या कपाटात निळ्या फुलांचे सहा कप आणि सहा बशा होत्या. आणि घराबाहेर, गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात, एक कप होता. तो पांढरा होता. त्यावर फूल नव्हते, रेघ नव्हती, काठाला सोनेरी पट्टी नव्हती. त्याचा कान केव्हातरी तुटला होता आणि तुटल्या जागी दोन खरबरीत टोके उरली होती.

हे मुरुड दापोली तालुक्यातले, रत्नागिरी जिल्ह्यातले. जंजिऱ्याजवळच्या मुरुडशी त्याची गल्लत नेहमी होते म्हणून सांगितले. समुद्र, सुरूची झाडे, नारळ-सुपारीच्या वाड्या, दुर्गादेवीचे देऊळ आणि महर्षी कर्व्यांचे गाव ही त्याची ओळख. आमचे घर ब्राह्मणाचे. कोनाड्यातला कप वाडीत माडावर चढून नारळ पाडणाऱ्या गड्यासाठी होता. तो बौद्धवाडीतून येई. घरात मात्र त्या वाडीचे जुनेच नाव चालू होते. माझ्या आजोबांपेक्षा तो वयाने मोठा असावा. घरातले सगळे त्याला एकेरी हाक मारीत आणि मीही मारी. काम झाले की तो कोनाड्यातून आपला कप स्वतः काढी, अंगणाच्या कडेला बसे, आणि घरातले कोणीतरी त्यात वरून चहा ओती. चहा पिऊन झाल्यावर पाणीही वरूनच ओतले जाई. तो कप विसळी आणि परत कोनाड्यात पालथा घाली. या सगळ्यात कोणी काही बोलत नसे. बोलण्यासारखे त्यात काही आहे असे कोणाला वाटतही नसे.

मी आठ वर्षांची असताना, म्हणजे १९७४-७५च्या सुमारास, एका दुपारी घरातल्या बायका पापडांच्या कामात होत्या आणि चहा बाहेर नेऊन देण्याचे काम माझ्याकडे आले. मी समोर दिसला तो कप घेतला. तो निळ्या फुलांचा होता. बशीसकट, न सांडता, मोठ्या कौतुकाने मी तो अंगणात नेला. त्याने हात पुढे केला नाही. कपाकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग ओटीच्या दाराकडे.

"ह्यो नको, बाय," तो म्हणाला. "माजा कोनाड्यात हाय. त्यात वत."

दारात आजी उभी होती. ती मला रागावली नाही. तिने एवढेच म्हटले, "बघ, त्याला कळतं. तुला कधी कळणार?"

फुलांच्या कपाला त्याचा स्पर्श झाला नव्हता, म्हणून तो कपाटात परत गेला. मला मात्र त्या दिवशी एक गोष्ट कळली, ती अशी की नक्षीचा कप मोठ्यांचा असतो आणि बिननक्षीचा कप हलक्यांचा. मुलांना असे नियम फार लवकर कळतात आणि फार काळ पुरतात.

माझा हा नियम मुंबईत मोडला. कॉलेजात असताना, १९८५च्या आसपास, आम्ही काही मुली इतिहासाच्या बाईंबरोबर तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, गेलो होतो. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतून तेथे चीन-जपानच्या कलावस्तू आल्या आहेत. निळ्या-पांढऱ्या सुरया, रंगीत फुलापाखरांच्या थाळ्या, माणसांच्या गर्दीने भरलेली चित्रे यांच्यापुढे आम्ही रेंगाळलो आणि एकाच रंगाच्या काही भांड्यांवरून सरळ पुढे निघालो. बाईंनी आम्हांला परत बोलावले. त्या म्हणाल्या, "चित्राखाली डाग लपवता येतो. इथे लपवायला जागाच नाही. चीनच्या बादशहांनी स्वतःसाठी अशी भांडी करवून घेतली." मी काचेला नाक लावून पाहत राहिले. बाई आमच्या कोनाड्यातल्या कपाबद्दल बोलत आहेत असे मला क्षणभर वाटले.

पुढे मराठी शिकवण्यात आयुष्य गेले. चिनी मातीच्या भांड्यांशी माझा संबंध हौशी वाचकाचाच राहिला, पण तो तुटला नाही. जे वाचले त्यातले थोडे येथे सांगणे भाग आहे, कारण त्यावाचून पुढचे बोलता येणार नाही.

दक्षिण चीनमधल्या जियांगशी प्रांतात चिंगडेचेन नावाचे गाव आहे. मिंग आणि छिंग या दोन राजवंशांच्या काळात बादशाही भांडी प्रामुख्याने तेथे घडली. पांढरी केओलिन माती आणि एका विशिष्ट दगडाची पूड यांच्या मिश्रणातून भांडे घडवायचे आणि सुमारे १३०० अंश सेल्सियसला भाजायचे. त्यावर काचेसारखा लेप चढतो, ती झिलई. रंग झिलईत असतो, आणि तो रंग म्हणजे चिमूटभर धातू. मौज अशी की धातू एकच असला तरी रंग एक येत नाही. भट्टीतली हवा कोंडली तर लोहाच्या अंशातून शेवाळी-हिरवट रंग उमलतो आणि हवा मोकळी खेळली तर पिवळट-तपकिरी. तांब्याचे तर याहून अवघड. हवा कोंडून आच नेमकी साधली तर रक्तासारखा लाल, नाही तर हिरवा, राखी किंवा काहीच नाही. म्हणजे कारागीर रंग लावत नाही. तो धातू लावतो आणि रंगाची वाट पाहतो. भट्टी उघडेपर्यंत त्याला काहीही ठाऊक नसते.

पंधराव्या शतकाच्या आरंभी युंगलो बादशहाच्या काळात जी पांढरी भांडी झाली, त्यांच्या रंगाला पुढच्या काळातल्या चिनी रसिकांनी 'गोड पांढरा' असे नाव दिले. रंगाला चवीचे नाव देणारी ही रसिकता मराठी वाचकाला परकी वाटू नये. त्यानंतरच्या श्वेनदे बादशहाच्या कारकिर्दीत (१४२६–१४३५) तांब्याचा लाल रंग साधला आणि पुढे तो जवळजवळ हातातून निसटला. सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या आरंभी, खांगशी बादशहाच्या काळात, तो पुन्हा हाती आला.

हे वाचताना मी हरखून जात असे. साधेपणा, संयम, निरलंकृत सौंदर्य हे शब्द मला वर्गात शिकवण्यासाठी हवेच होते आणि त्यांना हा आयता दृष्टान्त मिळाला होता. अलंकाराने दोष झाकता येतो, साध्या वाक्यात तो झाकता येत नाही, असे मी विद्यार्थ्यांना कितीतरी वर्षे सांगत आले आणि बाईंचे ते वाक्य माझेच असल्यासारखे वापरत आले. ते वाक्य खोटे नाही. पण ते अपुरे आहे, हे मला उशिरा कळले.

छिंग दरबाराचे नियम वाचले तेव्हा ते कळले. त्या दरबारात रंग ही आवडीची बाब नव्हती, पायरीची बाब होती. आतून-बाहेरून पिवळे भांडे बादशहाचे, त्याच्या आईचे आणि पट्टराणीचे. तिच्या खालच्या राणीचे भांडे बाहेरून पिवळे, पण आतून पांढरे. त्याखालच्यांना पिवळ्या भूमीवर हिरवा नाग. त्याखाली निळ्या भूमीवर पिवळा नाग. त्याखाली हिरव्या भूमीवर जांभळा. जेवणाच्या वेळी कोणी कोणाकडे न पाहता, नुसत्या वाडग्याकडे पाहून, आपण कोण आहोत हे प्रत्येकीला कळावे अशी ती व्यवस्था. देवांनाही ती लागू होती. १५३०मध्ये मिंग दरबाराने पूजास्थानांचे रंग ठरवले ते असे : आकाशाला निळा, पृथ्वीला पिवळा, सूर्याला तांबडा आणि चंद्राला पांढरा.

आतून पांढरे आणि बाहेरून पिवळे भांडे! त्या राणीला रोज घास घेताना आतला पांढरा रंगच दिसत असणार. आपल्याला काय मिळालेले नाही, हे दर घासाला दाखवणारे भांडे. त्या वाक्यापाशी मी पुस्तक मिटले, आणि गोठ्याच्या भिंतीतला कोनाडा कितीतरी वर्षांनी डोळ्यांपुढे आला.

आठव्या वर्षी काढलेला माझा नियम चुकीचा होता, पण वस्तुसंग्रहालयात तो उलटा करून मी जो नियम केला तोही तितकाच चुकीचा होता. बिननक्षीचे भांडे हलक्याचे नसते, तसे ते थोरही नसते. पेकिंगमध्ये ज्याने बादशहा ओळखला जाई त्याच लक्षणाने मुरुडमध्ये गडी ओळखला जाई. भांड्याच्या अंगी यातले काहीच नाही. कोणाच्या ओठांना ते लागणार आणि कोणाच्या लागणार नाही, एवढेच काय ते ठरलेले असते. सौंदर्याची भाषा नंतर येते आणि त्या ठरवण्यावर झिलई चढवते.

आणि झिलईचा गुण तरी काय? तिच्यात काहीही मुरत नाही. कच्च्या मडक्यात पाणी झिरपते, वास राहतो. झिलई केलेल्या भांड्यात काहीही राहत नाही, धुतले की संपले. आमच्या आजीला हे पक्के ठाऊक होते, म्हणून तर वर्षाचे लोणचे ती बरणीत घाली. पण तोच लेप चढवलेला कप माणसाच्या ओठांना लागला की त्यात काहीतरी मुरते आणि कितीही धुतले तरी जात नाही, असेही तिला तितकेच पक्के ठाऊक होते. दोन्ही ज्ञाने एकाच घरात, एकाच भिंतीच्या आत आणि बाहेर, सुखाने नांदत होती.

आजी दुष्ट नव्हती. हे लिहिताना मी तिची बाजू सावरत आहे हे मला कळते, पण ते खरे आहे. तिच्या हातात चहाचा कप आला तोच मोठा इतिहास घेऊन आला होता. १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा आला. कोणी तो प्यायले, कोणी नुसताच हाती धरला. त्या चहावरून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य ओढवले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि १८९२मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. त्यानंतर एका वर्षाने, १८९३मध्ये, आमच्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी विवाह केला आणि गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. बहिष्कार म्हणजे तरी काय? पंक्तीत पान न मांडणे. आज त्याच गावाला कर्व्यांचा अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. लहानपणी आम्हांला ही गोष्ट अभिमानानेच सांगितली जाई, आणि ती ऐकतानाही कप कोनाड्यातच असे. दापोली तेथून जेमतेम दहा-बारा किलोमीटर, डॉ. आंबेडकरांच्या बालपणाचा काही काळ तेथे गेला. ही गोष्ट मात्र आम्हांला कोणी सांगितली नाही. ती मी पुस्तकात वाचली.

चिंगडेचेनला परत जाते. बादशाही भट्टीतून निघालेले भांडे किंचितही उणे असले तर मिंग काळात ते फोडून भट्टीजवळच पुरून टाकीत. दरबाराला नको असलेले दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नये, हा हेतू. १९८०नंतरच्या उत्खननांत तेथे अशा तुकड्यांचे थरच्या थर सापडले आणि युंगलोच्या थरात बहुतांश तुकडे पांढरे होते. अठराव्या शतकात छियेनलुंग बादशहाने सांगितले की उणी भांडी फोडू नका, तेथेच विकून टाका. तेव्हा भट्टीचा अधिकारी थांग यिंग याने १७४३मध्ये विनंती केली की पिवळी भांडी आणि पाच नख्यांच्या नागाची भांडी यांतून वगळावीत, कारण सामान्य लोकांना ती वापरण्याची मुभा नाही. बादशहाने नागाच्या भांड्यांबद्दलची विनंती फेटाळली, पिवळ्यांची मान्य केली. नागाचे चित्र बाजारात गेले तरी चालेल. नुसता रंग जाता कामा नये!

या थांग यिंगबद्दल मात्र मला वेगळी ओढ आहे. १७२८मध्ये तो चिंगडेचेनला आला तेव्हा त्याला त्या कामातले काही कळत नव्हते. मग त्याने लोकांकडे जाणे-येणे बंद केले आणि तीन वर्षे कारागिरांबरोबर जेवला, त्यांच्याबरोबर राहिला. हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. भांड्यांच्या रंगांनी माणसांच्या पायऱ्या लावणाऱ्या दरबाराचा हा अधिकारी ती भांडी घडवायला शिकला तो पंक्तीला बसून. त्याने आणखीही एक केले. १५९९च्या सुमारास थुंग पिन नावाच्या कुंभाराने दरबाराचा हट्ट पुरा होत नाही म्हणून भट्टीत उडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी नागाचे ते प्रचंड भांडे निर्दोष निघाले, अशी तेथली आख्यायिका आहे. त्या काळचे एक सदोष, टाकून दिलेले भांडे थांग यिंगने शोधून आणले आणि कुंभाराच्या देवळापाशी सन्मानाने ठेवले. निर्दोष भांडे दरबाराकडे गेले. सदोष भांड्याची आठवण भांडी करणाऱ्यांनी ठेवली.

बादशाही भांड्यांचे आज जगात जे मोठे संग्रह आहेत, त्यांतला एक जमवणारा गृहस्थ मुंबईत जन्मला होता. सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा जन्म १८९२चा. त्यांचे वडील सर ससून डेव्हिड मुंबईतले बडे व्यापारी, बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी एक. पर्सिव्हल यांनी जमवलेली सुमारे १७०० भांडी २००९पासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि २०२४मध्ये ती त्या संस्थेला कायमची देण्याचे जाहीर झाले. माझी एक विद्यार्थिनी तेथे शिकायला गेली होती. तिने मला त्या दालनाचे छायाचित्र पाठवले. उंच काचेची कपाटे आणि त्यांत ओळीने निळे, पिवळे, लाल, पांढरे वाडगे. खाली तिने लिहिले होते, "मॅडम, तुमची आठवण झाली. किती साधं आणि किती सुंदर!" हे शब्द तिला मीच शिकवले होते. तिला काय उत्तर लिहावे ते मला सुचले नाही.

'किती साधं' असे आपण दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतो. ज्याच्यापुढे सगळे रंग आणि सगळे चित्रकार हात जोडून उभे आहेत, त्याने ते दूर सारून एक रंग घेतला, हा एक साधेपणा. ज्याला फुलांच्या कपाला हात लावायची सोय नाही, त्याच्या वाट्याला आलेला बिनफुलांचा कप हा दुसरा. १९७८मध्ये दया पवारांचे 'बलुतं' आले आणि पुढे दलित आत्मकथने एकामागून एक येत गेली, तेव्हा आम्ही वर्गात त्यांच्या भाषेला 'निरलंकृत' म्हणून मोकळे झालो. त्या शब्दाने आम्ही गौरवच करत होतो. पण तो शब्द आमच्याकडे ज्या कपाटातून आला होता, त्याच कपाटात निळ्या फुलांचे सहा कप होते. भाषा साधी का आहे, कोणी निवडून आणि कोणी दुसरे काही हाती न येऊ दिल्याने, हा प्रश्न शैलीचा नाही असे समजून आम्ही तो समाजशास्त्राच्या वर्गाकडे पाठवून दिला. आज वाटते, तो शैलीचाच प्रश्न होता.

सहा वर्षांपूर्वी मुरुडचे घर आवरायला घेतले. फुलांच्या कपांपैकी एकही उरला नव्हता. कोनाड्यातला कप मात्र होता, पालथा, आत कोळ्याचे जाळे. तो गडी जाऊन तीस वर्षे होऊन गेली होती. फुलांचे कप रोजच्या वापरात फुटले. हा कप कोणी वापरलाच नाही म्हणून टिकला. मी तो धुऊन पुण्याला आणला.

तेव्हापासून तो माझ्या टेबलावर आहे. त्याचे काय करावे ते ठरत नाही. काचेच्या कपाटात ठेवला तर ती वस्तू होते आणि येणारे-जाणारे विचारतात, "जुना आहे का?" एकदा मी त्यातून चहा प्यायले. वाटले होते, काहीतरी फिटेल. पण त्यातून पिण्याची सक्ती मला कोणी केली नव्हती. मी पिऊन तो धुतला आणि आपल्या हाताने ठेवला, एवढेच झाले.

गेल्या मे महिन्यात मुरुडला गेले तेव्हा बौद्धवाडीत त्यांच्या घरी गेले. 'त्यांच्या' असे मी आता लिहिते. त्यांच्या हयातीत एकदाही म्हटले नाही. नातसून घरात होती. तिने खुर्ची दिली, पंखा लावला आणि ओळख पटल्यावर, "नारळाच्या वाडीवाल्या काय?" असे विचारले. चहा आणला तो कपबशीतून. कपावर गुलाबी फुले होती. तिने स्वतःसाठी स्टीलच्या पेल्यात घेतला होता. तो सेट पाहुण्यांचा असणार हे उघड होते. मी सांगायला गेले होते ते सांगितले नाही. घरात दुसरा फुलांचा कप आहे का, तूही त्यातून घे, असे म्हणावेसे वाटले. पण तिच्या घरात कोणी कशातून प्यावे हे सांगणारी मी कोण? चहा संपवला. कप विसळायला उठले तर तिने तो हातातून काढून घेतला.

"असू दे, काकू," ती म्हणाली. "तुम्ही पाहुण्या."